प्यायचं माझ्याकडे!

अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरला मुलाकडे राहायला आल्यापासून कांताबाईंच्या वाट्याला एकच काम यायचं. बुद्धपौर्णिमेला आपली मंडळी शाळेचा हॉल भाड्याने घेत. खीर रत्नाची, वडे आणखी कोणाचे, आणि कांताबाईंना काय? "मावशी, तुमचे गुडघे दुखतात ना, तुम्ही आपल्या बसल्या बसल्या खुर्च्या पुसा." बसल्या बसल्या खुर्ची कशी पुसतात, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

म्हणून यंदा रत्नानं फोनवर कामं वाटायला घेतली, तशा कांताबाई सगळ्यांच्या आधी ओरडल्या, "प्यायचं माझ्याकडे!"

एवढी हिंमत आली ती ओट्यावरच्या काचेच्या बरणीमुळे. सून उपासनानं ऑफिसातल्या मैत्रिणीकडून एक गुळगुळीत, पांढरी, सायीसारखी चकती आणली होती. गोड काळ्या चहात ती सोडायची, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं, की आठ-दहा दिवसांत चहा आंबट होतो. कोंबुचा म्हणतात त्याला. चकतीला म्हणे इथले लोक मदर म्हणतात.

"ती माय, तर मग मी कोण?" कांताबाई म्हणाल्या होत्या.

"तुम्ही तिची सासू," उपासना म्हणाली.

सासूनं माय ताब्यात घेतली. सुनेला मीटिंगांतून वेळ कुठला! कांताबाईंनी आंबट चहा बाटल्यांत भरून एकीत आलं-लिंबू घातलं, एकीत कोकम, एकीत उकडलेली कैरी नि भाजलेलं जिरं. झाकणं घट्ट लावून ठेवलं की त्यात बुडबुडे धरतात. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी बरणी बघायची, हा नेम झाला. मुलगा बुद्धभूषण म्हणायचा, "आई, माझ्या लहानपणी तू माझ्याकडे एवढं पाहिलं नाहीस." त्या म्हणायच्या, "तू कधी एवढा शहाण्यासारखा एका जागी बसलास का?"

पौर्णिमा तोंडावर आली आणि पौर्णिमेच्या बाटल्या मात्र ढिम्म. झाकण उघडलं तर साधा 'फुस्' नाही. कांताबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. सगळ्यांना सांगून बसलेलं! मग त्यांना सुचलं. लिंबाच्या लोणच्याला ऊन लागतं, त्याशिवाय ते मुरत नाही. याला काहून नको? त्यांनी कैरीच्या बाटल्यांत गुळाचा एकेक खडा वाढवला आणि रोज सकाळी सगळ्या बाटल्या मागच्या अंगणात ओळीनं मांडल्या. चँडलरचं मे महिन्याचं ऊन! त्यात पापडसुद्धा तळल्यासारखा होतो.

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी कैरीची बाटली सिंकवर धरून झाकण फिरवलं. फस्सकन फवारा उडाला तो थेट छताला!

"आलं, आलं! उपासना, धाव ग!" कांताबाई भिजलेल्या पदरानिशी नाचायच्याच बाकी होत्या. चष्म्यावरून कैरी ओघळत होती. उरलेलं त्यांनी दोन पेल्यांत ओतलं. जिभेवर झिणझिण, नाकात झिणझिण. असं मजेदार त्यांनी जन्मात प्यायलं नव्हतं.

उपासनानं एक घोट घेतला आणि पेला हुंगला. "आई, हे चढलंय."

"काय चढलंय?"

"उन्हानं नि जास्तीच्या गुळानं. यात थोडी दारू होतेच, पण ही थोडी नाही वाटत."

कांताबाईंनी पेला ओट्यावर ठेवला. नागपूरला त्यांच्या वस्तीत दारूचा गुत्ता होता. वस्तीतल्या बायकांना घेऊन लाटण्यानं त्याची मडकी फोडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे कोण? कांताच. आणि आज पंचशील म्हणायला उभं राहायचं, पाचव्या शीलात नशा करणार नाही म्हणायचं, नि लगेच पोराबाळांच्या हातात हे द्यायचं?

हॉलमधली बुद्धवंदना भानुदासकाका घेत. त्यांना फोन लावून सगळं सांगितलं. "दादा, थोडीशी असली तर?"

"कांताबाई, शील घेताना आपण थोडंसं घेतो का?"

"नाही."

"मग झालं तर. रिकाम्या हातानं या. खुर्च्या आहेतच."

त्या खुर्च्यांनी डोकं फिरलं. फोन ठेवून कांताबाईंनी पदर खोचला. एकेक बाटली सिंकमध्ये उपडी केली. प्रत्येकीनं जाताना फसफस करून शिव्या दिल्या. बुद्धभूषण हळहळला, "आई, अगं एक तरी ठेव!"

"तुझ्या बापानं असं म्हणायची हिंमत केली नव्हती. गाडी काढ, सोडा आण! बर्फ आण!"

मग स्वयंपाकघरात जी धांदल उडाली! मोठ्या पातेल्यात कोरा चहा उकळला. आलं ठेचलं, कोकमं भिजवली, उरलेल्या कैऱ्या शिजवून गर काढला, जिरं भाजलं, काळं मीठ, गूळ. उपासनानं मीटिंग कॅन्सल केली आणि बाह्या सरसावून लिंबं पिळत बसली. सासूसून एका ताटात कैरी कुस्करताहेत, असा सोहळा त्या घरानं पाहिला नव्हता. बुडबुडे दुकानातले, पण बाकी सगळं कांताबाईंचं.

हॉलमध्ये वंदना संपली. कांताबाईंनी पाचवं शील जरा मोठ्यानंच म्हटलं. मग पेल्यात गर, त्यावर गार चहा, वरून सोडा. पोरं ओळीत उभी, "आजी, वन मोर!" मोठी माणसं ओळ मोडून पुढे.

भानुदासकाका दोन पेले पिऊन तिसऱ्याला आले. आवाज खाली आणून म्हणाले, "यात ते नाही ना?"

"थेंब नाही, दादा."

"मग एवढं चांगलं कसं लागतं?"

"हात माझा आहे."

ती माय कांताबाईंनी टाकली नाही. ती बरणीत बसून निवांत आंबट होते आणि तिचा सिरका काकडीच्या कोशिंबिरीत पडतो. छतावरचा कैरीचा डाग मात्र बुद्धभूषणला रंगवू दिलेला नाही.

त्या दिवशी हॉलमध्येच रत्नानं पुढच्या वर्षाची कामं वाटली. "प्यायचं?" म्हणाली, तर सगळ्या हॉलनं कांताबाईंकडे बोट केलं.

"आणि खुर्च्या?"

कांताबाईंनी भानुदासकाकांच्या हातातला तिसरा पेला भरला. "दादा पुसतील," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या."