कुत्र्याचं एकेरी भाडं

निजामी फसली साल १३४७, पौष महिना, बुधवारची सकाळ. रक्कम साठ रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, चार दिवसांसाठी, पेट्रोल आणि ड्रायव्हर धरून. हजर आम्ही तिघे मित्र, मोटरीचा मालक, त्याचा ड्रायव्हर आणि माझा कुत्रा. जागा बीदर, मालकाच्या वाड्यासमोरचं लिंबाचं झाड.

मालक गुत्तेदार होता. रस्त्यांची, पुलांची कामं घ्यायचा आणि कामावर आठ-आठ दिवस राहायचा, म्हणून त्यानं एका जुन्या लॉरीवर लाकडी खोली बांधून घेतली होती. आत दोन बाकं होती, ती रात्री उघडली की झोपायला फळ्या व्हायच्या. कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायला पत्र्याचं कपाट, मागं पाण्याचं पिंप, आणि बाजूला ताडपत्री ओढून बांधली की ओसरी तयार. काम नसलं की तो ती भाड्यानं द्यायचा. गाणगापूरला जायचं, धर्मशाळेच्या गर्दीत न राहता आपल्याच छपराखाली राहायचं, ही कल्पना माझ्या कापडदुकानदार मित्राची. तिसरे आमच्याबरोबर शिकलेले मास्तर. प्रत्येकी वीस रुपये.

कुत्र्याला न्यायचं हेही दुकानदारानंच काढलं. "रानात मोटर उभी राहणार. राखणीला तुझा काळ्या पाहिजेच," असं तो चारदा म्हणाला. गादीवर केस पडतात म्हणून मालकानं कुत्र्याचं भाडं वेगळं मागितलं. ते दुकानदारानं आपल्या खिशातून दिलं. हा माणूस चहाचे पैसे देताना बंडीचे चारही खिसे चाचपतो. मला नवल वाटलं. पण त्या वेळी मी मोटरीत बसून मालकाची भांडी मोजून घेत होतो. सहा ताटं, दोन पातेली, एक झारा. परत देताना वाद नको म्हणून. त्यामुळं कुत्र्याचं बोलणं काय झालं ते माझ्या कानावर आलं नाही.

कुत्रा काळाभोर होता, छातीवर तेवढा पांढरा ठिपका. सहा वर्षं माझ्या दारात. आमच्या घरी मूलबाळ नाही. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की बायको त्याला टाकायची, मग मला ताट. निघताना तिनं मला एवढंच सांगितलं, "त्याला सांभाळून आणा." मी कसा येईन हे तिनं विचारलं नाही.

प्रवास चांगला झाला, हे कबूल करतो. हुमनाबादेत डाळ-तांदूळ घेतले, कमलापूरच्या अलीकडे मुक्काम केला. मास्तरांनी स्टोव्हवर पिठलं केलं, ते खाली लागलं, तरी संपलं. कुत्रा रात्रभर मोटरीखाली पडून राहिला. दुकानदार त्याच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होता. तेही मी पाहिलं, आणि त्याचा अर्थ उलटा लावला.

गुरुवारी दुपारी गाणगापूर गाठलं. संगमावर स्नान केलं. मी आणि मास्तर दर्शनाला गावात गेलो, दुकानदार "मी मोटरीपाशी थांबतो, संध्याकाळी पालखीला येतो" म्हणाला. आम्ही परत आलो तेव्हा मोटर जागेवर होती, कुत्रा नव्हता.

"कुत्रं कुठं गेलं?"

"असंल की गावात," दुकानदार म्हणाला. "हितं दुपारी दारात कोन बी आलं तर हाकलत न्हाईत. म्हाईत न्हाई का तुला? देव भिक्षेला येतोय म्हनतात. खाऊन पिऊन येईल."

ते खरं होतं. दुपारच्या माधुकरीच्या वेळी तिथं माणसाला नाही म्हणत नाहीत आणि कुत्र्यालाही. संध्याकाळी हाका मारत गल्ल्या हिंडलो. दुकानदार पालखीत टाळ्या वाजवत होता.

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हरनं मोटर चालू केली. मी म्हणालो, "थांब, कुत्रा यायचाय." ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"कुत्ते का तो जाने काच किराया ठैरा, साब. ये सेठ बोले, वापसी में नै आता."

मी दुकानदाराकडे पाहिलं. तो उपरणं झटकत होता. त्यावर धूळ नव्हती.

"बोल," मी म्हणालो.

"रागवू नकोस, अप्पा. पोराला ताप चढला तवा बोललो होतो. पोरगं उठून बसलं तर दत्ताच्या पायाशी काळा कुत्रा सोडतो म्हनून. पोरगं उठलं. आता काळं कुत्रं कुठून आणू? चार महिने हुडकायलोय. सगळी तांबडी, न्हाईतर पांढरी."

"म्हणून माझं?"

"इचारलं असतं तर दिलं असतास व्हय?"

"न्हाई."

"मग कामून इचारू?"

मास्तर हसू लागले आणि माझं तोंड बघून थांबले. मी तेव्हा काय बोललो ते लिहीत नाही. मोटरीभोवती माणसं जमली, एवढं पुरे. शेवटी दुकानदार म्हणाला, "तुला काय, हे गेलं तर दुसरं आणता येतंय." त्यावर तोंडात आलेलं उत्तर मी गिळलं. ते त्याच्या पोराबद्दलचं होतं.

कुत्रा संगमाजवळ एका पुजाऱ्याच्या अंगणात बांधलेला सापडला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. मला पाहून शेपूट हलवली, पण उठला नाही. समोर पुरणाची पोळी होती आणि तिला त्यानं तोंड लावलेलं नव्हतं.

पुजारी भला माणूस होता. "अण्णा, मी मागितलं न्हाई. त्यांनी आणून बांधलं, संकल्प सोडला. कुत्रं दुसऱ्याचं हाय हे मला काय ठाऊक?"

मी दोरी सोडू लागलो. तेवढ्यात मागून दुकानदार धावत आला आणि त्यानं दोरी धरली. मघाचा शहाणपणा तोंडावरून उतरला होता. "नको नेऊ. एकदा दिलेलं परत नेलं आन् पोराला काही झालं तर? तीन वर्षाचं हाय रे."

"नवस तुझा होता. तुझ्या घरचं काहीतरी द्यायचंस."

"दे म्हनतोस तर दुकान देतो. पण बोललो होतो कुत्रा."

पुजाऱ्यानं मग रीत सांगितली. देवाला सोडलेलं जनावर घरी न्यायचं असेल तर त्याचं मोल देवापुढं ठेवायचं. बैल सोडणारे कितीतरी जण तसं करतात. मोल ठेवलं की नवसही फिटला आणि जनावरही सुटलं.

"ठेव मग," मी दुकानदाराला म्हणालो.

"मी ठेवून कसं चालंल? मी तर दिलंय. जो नेतोय त्यानं ठेवायचं."

मी पुजाऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. रीत तशीच होती.

"माझंच कुत्रं मी इकत घ्यायचं व्हय?"

मग मी विचारलं, मोल किती. पुजारी म्हणाला, देणाऱ्यानं सांगावं. देणारा म्हणजे दुकानदार. त्यानं कुत्र्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं, ताग्यातलं कापड न्याहाळतो तसं.

"पाच," तो म्हणाला. "एवढं राखणीचं जनावर. पाचाच्या खाली कसं म्हनू? देवाला कमी लेखल्यासारखं व्हायलंय."

विकत न घेतलेल्या मालाचा असा भाव सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. दोरी हिसकून चालू लागावं असं वाटलं. मला कुणी अडवलं नसतं. नवस, संकल्प, हे माझ्या मनाला फारसं लागत नाही. पण दुकानदार तिथंच मातीत बसला होता आणि मोटरीत चढणार नाही म्हणत होता. ते पोर मी पाहिलेलं होतं. आमच्या ओट्यावर येऊन ते ह्याच कुत्र्याचे कान ओढायचं, आणि कुत्रा ओढू द्यायचा. बापाच्या लबाडीत त्याचा वाटा नव्हता. उद्या त्याला साधं पडसं झालं असतं तरी गावानं माझंच नाव घेतलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही झोप आली नसती.

मी पैसे काढले. राग कमी झाला म्हणून नव्हे. आजही झालेला नाही. त्या दिवसापासून धोतरजोडी मी दुसऱ्या दुकानातून घेतो, जोडीमागं दोन पैसे जास्त देऊन.

परतीच्या वाटेवर दुकानदार पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मी मागं फळीवर, पायाशी कुत्रा, माळ काढलेली, कुंकू तसंच. बायकोनं दारातच ते पुसलं आणि त्याच्यापुढं भाकरी टाकली.

एकूण वरचा खर्च असा झाला. पाच रुपये हाली, देवाच्या पेटीत, दुकानदाराच्या पोराच्या नावानं. एक रुपया हाली, ड्रायव्हरच्या हातात, कुत्र्याच्या परतीच्या भाड्याचा. दोन्ही मी दिले.