राजेश्वरीबाई जामीन राहिल्या

अथणीच्या मल्लाप्पाचा फोन आला तेव्हा राजेश्वरीबाई नलवडे मिरजेतल्या आपल्या ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये द्राक्षांच्या पेट्या मोजत उभ्या होत्या. मल्लाप्पा सरहद्दीपलीकडचा वाहतूकदार. त्यानं आपला माल पळवला असं या म्हणायच्या, यांनी आपला पळवला असं तो. दोघांचं बोलणं व्हायचं ते भांडणापुरतंच. त्यामुळे त्याचा आवाज ऐकून बाईंनी आधी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"बाई, तुमचं गाडी कल्लहट्टीत धरलंय," मल्लाप्पा म्हणाला. "एका पोराला उडवलंय. ड्रायव्हर जिता हाय, पण गाव लय तापलंय. तुमी स्वतः या."

"जिता हाय म्हंजे? मारलं काय त्याला?"

"या तुमी," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

ही गोष्ट त्र्याण्णव सालातली, द्राक्षांच्या हंगामातली. राजेश्वरीबाई मूळच्या शिरवळच्या. लग्न झालं खंडाळ्याकडच्या वीरधवल नलवड्यांशी. ते लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ट्रक घेतला आणि हळद, गूळ, द्राक्षं यांची भाडी मिळतात म्हणून मिरजेत बिऱ्हाड केलं. एकाच्या तीन गाड्या झाल्या आणि एका पावसाळ्यात काविळीनं ते गेले. दीर आले, म्हणाले, "वैनी, गाड्या इकून टाका आन गावाकडं चला." लेकीकडं बघत बाई म्हणाल्या, "मयूरीची शाळा तरी हुंदे." शाळेचं ते निमित्त होतं. त्यांना परत जायचं नव्हतं. नवऱ्याच्या मागं केबिनमध्ये बसून त्यांनी हा धंदा पाहिला होता आणि तो त्यांना आवडायचा. पण सरहद्दीपलीकडं त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या. भाषा कळत नाही, माणसं कळत नाहीत, याची त्यांना मनातून भीतीच वाटायची.

त्या जीप घेऊन निघाल्या, तर सरहद्दीच्या अलीकडंच रस्ता बंद. डांबराची पिंपं आडवी टाकलेली, मागं ट्रकची रांग. बाईंचा ड्रायव्हर कृष्णात पलीकडं धरला गेला म्हणून कर्नाटक पासिंगची एकही गाडी पुढं जाऊ द्यायची नाही असं ठरवून मिरज-सांगलीचे ड्रायव्हर रस्त्यावर बसले होते. त्यांचा पुढारी नानासो, आडव्या बांध्याचा, आवाजानं समोरच्याला गप्प करणारा माणूस. रांगेत मल्लाप्पाच्याही गाड्या होत्या, केळी भरलेल्या, उन्हात तापत.

"नानासो, रस्ता सोडा," बाई म्हणाल्या. "मी चाललेय कृष्णातला आणायला. हितं तुमी त्यांच्या गाड्या अडवल्या तर तितं ते आपलं माणूस कशाला सोडतील?"

"कृष्णातला मारून टाकलंय म्हंत्यात, वैनी."

"जिता हाय. मल्लाप्पानं सांगितलंय."

"मल्लाप्पानं!" नानासो हसला, पण त्या हसण्यात राग होता. "कृष्णात हितं माज्या म्होरं उभा ऱ्हायला की पिंपं काडतो. त्याच्या आधी न्हाई. तुमी बी जाऊ नका. बाईमाणसानं जायाची जागा न्हाई ती."

बाईंनी जीप तिथंच लावली, पदर खोचला आणि पिंपांमधून पलीकडं चालत गेल्या. मागून कुणीतरी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही, कारण वळलं तर पाय पुढं पडणार नाहीत हे त्यांना कळत होतं.

पलीकडच्या वळणावर मल्लाप्पा त्याच्या गाडीपाशी थांबला होता. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, चेहरा उतरलेला. गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "बाई, तितं आवाज चढवू नका. त्यांचं पोरगं मरायला टेकलंय."

कल्लहट्टी कृष्णेच्या काठचं, उसात बुडालेलं गाव. तिठ्यावर बाईंचा ट्रक उभा होता, चारी चाकांतली हवा सोडलेली, समोरच्या काचेचा चुरा. शेजारी एक सायकल, घडी घातल्यासारखी दुमडलेली. देवळाच्या खांबाला कृष्णात बांधलेला होता. एक डोळा सुजून मिटलेला, सदरा फाटलेला. बाईंना पाहून तो रडायलाच लागला. "वैनी, वळणावर उसाची गाडी आडवी आली वो. पोरगं मला दिसलंच न्हाई."

बाई त्याच्याकडं गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "लागलेलं माणूस कुठाय?"

गर्दी जरा हलली. देवळाशेजारच्या घराच्या ओसरीवर सिद्धाप्पा बाजेवर पडला होता, विशीतला मुलगा. उजवा पाय बांबूच्या कामट्या लावून बांधलेला, वरून गुंडाळलेलं धोतर रक्तानं काळं पडलेलं. उशाशी त्याची आई गंगव्वा, पायाशी थोरला भाऊ बसगोंडा.

"ह्याला अजून मिरजंला का न्हाई नेलं?" बाईंनी विचारलं.

बसगोंडा उठला. त्याचं मराठी चांगलं होतं. मिरजेच्या बाजारात त्याची नेहमीची जा-ये होती.

"नेलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला मिरजंलाच न्या, उशीर करू नका. आमी जीपमध्ये घातलं. तुमच्या लोकांनी पिंपाजवळ अडवलं. मी खाली उतरून हात जोडले. एकानं जीपवर दगड घातला. कुणी आत वाकून बघितलं न्हाई. माघारी आणलं ह्याला."

नानासोच्या माणसांनी ज्याच्यासाठी रस्ता अडवला तो जिवंत होता, आणि ज्याला खरोखर रस्ता हवा होता त्यालाच त्यांनी परत पाठवलं होतं. जीपमध्ये कोण होतं ते तिकडं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते नकळत झालं हे इकडं कुणी ऐकून घेणार नव्हतं. आणि मधे हा पोरगा बाजेवर पांढरा पडत चालला होता.

"माज्या गाडीतनं न्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एमएच पासिंग हाय. कृष्णात चालवील. त्याला बघितल्यावर ते पिंपं काढतील. दुसऱ्या कुठल्याबी गाडीला काढणार न्हाईत."

गर्दीत एकदम गलका झाला. ज्यानं उडवलं त्याच्याच हातात पोरगं द्यायचं? एका तरण्यानं कन्नडमध्ये शिवी हासडली. ती समजायला भाषा यायची गरज नव्हती. मल्लाप्पानं हात वर करून काहीतरी समजावलं, पण त्याचं कुणी ऐकेना. बसगोंडा बाईंच्या अगदी जवळ आला.

"आन सरहद्द ओलांडल्यावर तो पळून गेला तर? आमच्या हातात काय उरलं?"

"मी उरते," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "सिद्धाप्पा दवाखान्यात पोचल्याचा निरोप येईस्तवर मी हितनं हलत न्हाई. तुमी त्याच्यासंगं मागं बसा."

बसगोंडानं आईकडं पाहिलं. गंगव्वानं बाजेची दोरी घट्ट धरलेला हात सोडला.

मग सगळ्यांचीच घाई उडाली. हवा भरायचा पंप आला. पोरांनी ट्रकमधल्या पेट्या भराभर उतरवून कुणाच्या तरी गोठ्यात रचल्या. पेट्यांखालचं गवत पसरून त्यावर घोंगडी टाकली आणि सिद्धाप्पाला बाजेसकट वर चढवलं. कृष्णातची दोरी सोडली तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. बाईंनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

"कृष्णात, हिकडं बघ. गाडी मिरजंच्या दवाखान्याच्या दारात थांबव. मधे कुठं न्हाई."

"वैनी, मला भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय. जा."

ट्रक उसाआड गेला. निरोप यायचा तर गावातला फोन बंद होता, म्हणून मल्लाप्पा अथणीला आपल्या फोनपाशी जाऊन बसणार होता. जाताना म्हणाला, "मी थांबू काय, बाई?" थांब म्हणावंसं फार वाटलं. पण बाई म्हणाल्या, "तुमी गेला न्हाईसा तर निरोप कोण आणंल?"

आणि त्या गंगव्वाच्या ओसरीवर एकट्या उरल्या.

त्यांना एक गोष्ट माहीत होती जी गावाला माहीत नव्हती. कृष्णात पूर्वी एकदा पळालेला होता. सोलापूरकडं एका म्हाताऱ्याला धक्का लागला, तेव्हा गाडी रस्त्यात टाकून तो रानातून निघून गेला होता, आणि महिन्यानं उगवला होता. वीरधवलांनी त्याला परत कामावर घेतलं होतं, कारण तसा तो मनानं वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. आज त्याच भित्र्या माणसाच्या हातात बाईंनी सिद्धाप्पाचा जीव दिला होता आणि स्वतःचाही. मिरजेकडं त्याला ओळखणारे, त्याला लपवणारे कितीतरी होते.

ऊन कललं. गोठ्यातल्या द्राक्षांचा आंबूस वास सुटला, माशा घोंगावू लागल्या. बायका दारांतून बघायच्या आणि आत जायच्या. ओसरीसमोर तरणी पोरं टोळक्यानं उभी होती, ती काही केल्या हलेनात. त्यातल्या एकानं बाईंच्या पायांपाशी थुंकलं. गंगव्वा ते बघून उठली आणि त्याला दोन शब्द अशा आवाजात बोलली की तो मागं सरला.

मग तिठ्यावर एक सायकलवाला येऊन ओरडला, आणि टोळकं एकदम ओसरीच्या पायरीपर्यंत आलं. बाईंना त्यातला एकच शब्द कळला, कल्लू. दगड. पिंपांपाशी पुन्हा दगडफेक झाली होती. ट्रकवर की आणखी कशावर, ते सायकलवाल्यालाही ठाऊक नव्हतं. एकानं ओसरीचा खांब हातानं हलवला. बाई उठल्या नाहीत. उठून जायचं कुठं? त्यांनी मयूरीचा विचार केला. ती आता शाळेतून आली असेल, शेडला कुलूप बघून शेजारी बसली असेल.

"मक्कळू?" गंगव्वानं अचानक विचारलं, आणि हातानं लहान मुलाची उंची दाखवली.

"एक," बाई म्हणाल्या. "मुलगी."

गंगव्वा आत गेली. भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली आणि ताट समोर ठेवलं. "ऊट माडरी," ती म्हणाली. बाईंनी ते खाल्लं. पायरीवर चढलेली पोरं घराची मालकीण जेवायला वाढतेय म्हटल्यावर घुटमळली आणि मग एकेक करून खाली उतरली.

दिवेलागणीला मल्लाप्पाची गाडी आली. तो उतरला तो सावकाश, घाई न करता, आणि ते बघून गंगव्वा भिंतीला धरून उभी राहिली. मल्लाप्पानं तिला कन्नडमध्ये सांगितलं. मग बाईंकडं वळून म्हणाला, "जिवंत हाय. पाय गुडघ्याखाली कापला."

गंगव्वानं राजेश्वरीबाईंच्या खांद्यावर एक जोराचा फटका मारला. दुसऱ्यासाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग ती त्यांच्याच गळ्यात पडून रडली.

कृष्णात पळाला नव्हता. पिंपांपाशी त्याला बघून ड्रायव्हरांनी जयजयकार केला, तर तो खाली न उतरता ओरडला, "आधी मागं बघा!" नानासो ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चढला. बाजेवरचा पोरगा आणि सकाळी हात जोडणारा बसगोंडा, दोघंही त्याला दिसले. खाली उतरून त्यानं पहिलं पिंप स्वतः ढकललं. काही जणांना ते पटलं नाही. त्यांनी नानासोलाच शिव्या घातल्या, मागून दगडही आले. नानासो कृष्णातच्या शेजारी केबिनमध्ये बसून दवाखान्यापर्यंत गेला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. खटला उभा राहिला. राजेश्वरीबाई प्रत्येक तारखेला कृष्णातबरोबर गेल्या. द्राक्षं गेलीच. सिद्धाप्पानं कुबडी घेऊन चालायला शिकून मल्लाप्पाच्या अड्ड्यावर फोन सांभाळायचं काम धरलं. कृष्णातशी मात्र तो कधीच बोलला नाही, आणि कुणी त्याला बोल असं म्हटलंही नाही.

पण त्या उन्हाळ्यात बाई आणि मल्लाप्पा यांनी दोन्हीकडच्या वाहतूकदारांना सरहद्दीवरच्या एका चिंचेखाली बोलावलं. पहिल्या बैठकीत नुसती भांडणं झाली. नानासो आलाच नाही. दुसऱ्या बैठकीला आला, मागं बसला, आणि शेवटी उठून म्हणाला, "बंद करा, आडवा, काय करायचं ते करा. पण गाडीत आजारी माणूस असलं तर गाडी कुठली ते बघायचं न्हाई." त्यावर कुणी वाद घातला नाही. हळूहळू आणखी एक रीत पडली. परक्या मुलखात गाडीला काही झालं, की गाडीवाल्यानं नाही, तिथल्याच वाहतूकदारानं आधी धावायचं. पुढं परतीची रिकामी गाडी माल भरायला एकमेकांना द्यायलाही ते लागले. सीमावादावरून वातावरण तापलं की हे सगळं महिना-महिना बंद पडायचं. मग बाई किंवा मल्लाप्पा, दोघांतलं कुणीतरी फोन उचलायचं.

दोन-तीन वर्षांनी तासगावच्या वाटेवर कर्नाटकातला एक ट्रक बाजारात घुसला. एक म्हातारी गेली. राजेश्वरीबाई पोचल्या तेव्हा लोक काठ्या घेऊन जमले होते आणि ड्रायव्हर नानासोच्या जीपमध्ये मागं अंग चोरून बसला होता. नानासो दाराला पाठ लावून उभा होता, घामानं चिंब झालेला.

"पोलीस येऊ देत," तो लोकांना सांगत होता. "तवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

बाई म्हातारीच्या मुलापाशी जाऊन खाली बसल्या. बऱ्याच वेळानं उठून जीपपाशी आल्या. आतल्या ड्रायव्हरच्या हातात पाण्याचा तांब्या देत त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्याला त्याचं गाव विचारलं.