दोन किलोमीटरवरचं मोहाचं झाड

मी तोंडाची फटकळ, हे आधीच सांगून टाकते. जबलपूरच्या विमानतळावर हवामान निरीक्षक होते. विमान यायच्या वेळी गच्चीवर चढायचं, किती लांबचं दिसतं ते पाहायचं आणि टॉवरला कळवायचं. आमच्या अधारताल वस्तीतल्या बायका चिडवायच्या, आभाळाकडे पाहायचा पगार मिळतो म्हणे तुला. मिळतो ना, मी म्हणायची, तुम्ही फुकटात पाहता, मी पगार घेऊन पाहते.

यंत्रबिंत्र काही नव्हतं, सगळा कारभार डोळ्यांचा. भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. पाण्याची टाकी एक किलोमीटर, एकटं मोहाचं झाड दोन, टेकडी पाच. झाड दिसलं नाही तर दोनच्या आत लिहायचं, आणि दोनच्या आत लिहिलं की विमानाला उतरता येत नसे.

श्रावणातली दुपार होती. दिल्लीहून आलेलं विमान पावसामुळे शहरावर घिरट्या घालत होतं. पायलटनं टॉवरला सांगितलं, अजून दहा मिनिटं थांबता येईल, मग नागपूरकडे वळावं लागेल. तिथवर पुरेल एवढं इंधन होतं, परत यायला नव्हतं. आणि नागपूरवर काळे ढग चढत असल्याचा निरोप माझ्यासमोरच पडला होता. विमानात चाळीसेक माणसं होती.

त्या दिवशी ड्यूटीवर माझे सीनियर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, मराठी माणूस, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. शहपुऱ्याला त्यांची शेती होती, तिथं आठ दिवस सुट्टीवर राहून ते त्याच सकाळी कामावर आले होते. काका गच्चीवर गेले, चिंब भिजून खाली आले आणि त्यांनी लिहिलं, पंधराशे मीटर. मी ते टॉवरला कळवलं.

झाड दिसलं का, मी विचारलं. अजिबात नाही, ते म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अरे देवा, ते झाड तर परवाच्या वादळात पडलं! मी रोज लुनावर त्याच रस्त्यानं यायची. नाल्यात आडवं पडलेलं होतं, गावच्या बाया फांद्या तोडून नेत होत्या. नसलेलं झाड दिसणार कुठून?

मी धावत गच्चीवर गेले. पाऊस उतरला होता. झाडाची जागा रिकामी होती, पण तिच्याही दोनशे पावलं पलीकडे एक छोटं देऊळ होतं, इकडे त्याला मढिया म्हणतात. ताजा चुना मारलेली ती मढिया मला दिसत होती, तिचा दरवाजासुद्धा दिसत होता. म्हणजे दोन किलोमीटरच्या पुढचं दिसत होतं.

खाली येऊन फोन उचलला, तर काकांनी त्यावर हात ठेवला.

"काहून बदलवून राहिली? तक्त्यात मढिया नाही."

"तक्त्यात नाही, जमिनीवर आहे. काका, झाड परवा पडलं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांची भीती मला कळत होती. माझ्या शब्दावर पायलट खाली आला आणि त्याला धावपट्टी दिसली नाही, तर नागपूरला जाण्याइतकंही इंधन उरणार नव्हतं. त्यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने राहिले होते. त्यांनी हात काढला. मी टॉवरला सांगितलं, दोन हजार मीटर, पाऊस हलका.

सहा मिनिटांनी ढगाखालून दिवे दिसले. पाणी उडवत विमान टेकलं. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले, लाज कशाची?

प्रवासी उशिराबद्दल कुरकुरत बाहेर गेले. पुढच्या हवामानाचे कागद घ्यायला पायलट आमच्या खोलीत आला. नागपूर बंद झाल्याचं त्याला उतरल्यावर कळलं होतं.

"रीडिंग किसने बदली?" त्यानं विचारलं.

काका शेजारीच बसलेले होते. तेच उठले.

"गलती मेरी थी साहब. सुधारी इसने."

आणि त्यांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. माझ्या नोंदीच्या वर, "पहिलं निरीक्षण माझं आणि चुकीचं", असं त्यांनी स्वतःच्या हातानं आधीच लिहून सही केली होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नसतं. मी नोकरीत खूप माणसं पाहिली, एवढ्या ताठ मानेचा माणूस पाहिला नाही. त्यांच्या हाताखाली मी काम केलं, याचा मला आजही अभिमान आहे.

पायलटनं सही वाचली. टोपी नीट केली आणि सलाम केला. मलाही केला, पण पहिला त्यांना.