माता-भगिनींसाठी आडोसा

कोजागिरीच्या आधीच्या दिवसांत आमच्या तामलवाडीच्या रस्त्यावर कुणी उपाशी राहायचं ठरवलं, तर ते त्याच्या बापालाही जमायचं नाही. सोलापूरकडनं, पार कर्नाटकातनं माणसं तुळजापूरला देवीच्या दर्शनाला चालत निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला पुण्यवान मंडळी दबा धरून बसलेली असतात. एकानं हातात केळं कोंबलं की जरा पुढं दुसरा केळं घेऊन उभाच. मग खिचडी, मग शिरा, मग पुन्हा केळं. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की लगेच, देवीचं हाय, न्हाय म्हणू नका. देवी भेटायच्या आधी माणसाला अजीर्ण भेटतं.

माझं माहेर याच गावचं, सासरही याच गावचं आणि शाळेतली नोकरीही इथंच. त्यामुळं ही सगळी समाजसेवा मला लहानपणापासून फुकट बघायला मिळालीय. पूर्वी पाण्याचा रांजण आणि गुळाचा खडा एवढ्यावर भागायचं. आता मांडव लागतो, कर्णा लागतो आणि चालणाऱ्यांच्या तोंडापेक्षा मोठ्या तोंडांचा बॅनर लागतो. अलीकडं पाय चोळून द्यायची सेवाही निघालीय. चांगलीच आहे. फक्त फोटो निघाला की चोळणाऱ्याच्याच हाताला कळ लागते.

पाणी, चहा, ताक, सगळं अगदी आग्रहानं पाजतात. पाजल्यावर बाईमाणसानं जायचं कुठं, हा प्रश्न मात्र एवढ्या पुण्यवंतांत एकालाही पडला नव्हता. पुरुषांचं सोडा, त्यांना उभा महाराष्ट्र मोकळा आहे. बायकांसाठी पूर्वी रस्त्याकडेला बाभळी होत्या, चिंचा होत्या, कुठं ओढ्याची खोलगट जागा होती. रस्ता मोठा झाला आणि ते सगळं गेलं. बदल्यात दुभाजकात कण्हेर लावलीय. त्या कण्हेरीआड शेळीसुद्धा लपायची नाही.

माझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून दरवर्षी चालत तुळजापूरला जायची. नवस-बिवस काही नाही. लेकीनं वर्षातनं एकदा आईला भेटून यावं, एवढंच तिचं शास्त्र. मध्ये तिनं अचानक जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, मलम आणलं, पट्टे आणले. आणि ही गुडघे दुखणारी बाई पापड वाळत घालायला दिवसभर गच्चीचा जिना वर-खाली करत होती.

खरं काय ते एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता बाहेर पडलं. वय झाल्यापासून तिला सारखं जावं लागतं. शेवटच्या खेपेला रस्त्यात कुठं आडोसा नाही म्हणून तिनं घरनं निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घाटात घेरी आली. घरी आल्यावर उन्हाळी लागली, लघवीला नुसती आग. आठवडाभर अंथरुणात होती आणि आम्ही लेकीसुना तिला ऊन बाधलं म्हणून लिंबाचं सरबत पाजत होतो. हे सगळं तिनं शेंगांकडं बघत सांगितलं, माझ्याकडं नाही. मग हात थांबवून म्हणाली, "एकदा जायचंय गं चालत. पुढल्या साली पाय ऱ्हातेत का न्हाय, काय सांगावं."

मला आईची कीव आली नाही. संताप आला. केळी वाटायला अख्खं गाव तयार आणि चार पत्रे उभे करायला कुणी नाही, म्हणजे काय.

नवरात्राच्या तोंडावर आमच्या गावच्या तरुण मंडळाची बैठक देवळात होती. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. आता तो अध्यक्षसाहेब झालाय, पण मला अजून बाईच म्हणतो आणि मी आले की खुर्चीतनं अर्धा उठतो. पूर्ण उठत नाही, पदाचा मान असतो. यंदा नवीन काय करायचं यावर चर्चा चालली होती, कारण शेजारच्या गावानं गेल्या वर्षी मसाला दूध वाटून आमचं नाक कापलं होतं. दुधात बदाम घालावेत का काजू, यावर दोन तट पडले होते. मी म्हटलं, घाटाच्या आधी माळावर तुमचा मांडव असतो, तिथं बायकांसाठी पत्र्याचे संडास उभे करा, पाण्याची टाकी ठेवा.

एकजण मोबाईल बघायला लागला, एकजण पंखा बघायला लागला. पंखा बंद होता. मग एका जाणत्यानं खरी अडचण सांगितली, त्याच्यावर नाव कुणाचं टाकायचं? आमच्याकडं दान म्हणजे नाव. स्टँडवरच्या बाकावर कुणाच्या तरी वडिलांचं नाव असतं, पाणपोईवर कुणाच्या आईचं. स्मशानातल्या शेडवरसुद्धा नाव आहे, तिथं सावलीत बसताना लोक ते वाचतात. ज्याचे वडील नुकतेच गेले होते त्याच्याकडं सगळ्यांनी बघितलं. तो हात जोडून म्हणाला की वडील आयुष्यभर मानानं जगलेत, त्यांना मेल्यावर तिथं उभं करू नका.

मी शाळेतला आवाज काढला. म्हटलं, केळी सगळेच देतात, तुमची कोण लिहून घेतोय? पण एवढ्या रस्त्यावर ही सोय कुणीच केलेली नाही. तुम्ही केलीत तर पहिले तुम्ही. हा 'पहिले' शब्द बरोबर लागला. अध्यक्ष खुर्चीतनं पूर्ण उठला. बातमी होईल म्हणाला. काजू-बदाम बाजूला पडले आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तिची चालायची कापडी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली, आणि गुडघ्याचे पट्टे कपाटात गेलेले.

आम्ही दोघीच पहाटे निघालो. आई पुढं आणि मी मागं. लेक मागं राहते म्हणून मध्येमध्ये थांबायची. पहिल्या मांडवातच एकानं पाण्याचा पेला पुढं केला. आई म्हणाली, निर्जळी उपास हाय. दुसऱ्यालाही तेच. उपास म्हटलं की आमच्या लोकांची तोंडं बंद होतात, हे तिला पक्कं ठाऊक. मी म्हटलं, अगं, यंदा सोय केलीय ना, पी की थोडं. ती म्हणाली, आधी डोळ्यानं बघू दे. ऊन वर आलं, डांबर तापलं, तिचे ओठ पांढरे पडले, तरी उपास चालूच. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. तशीच चालत राहिले.

माळ दिसायच्या आधी कर्णा ऐकू आला.

आमच्या मंडळानं काम केलं होतं, यात वाद नाही. पत्र्याचे नवेकोरे संडास, बाहेरनं गुलाबी रंग, दाराला झेंडूची माळ, चारी कोपऱ्यांना फुगे. टाकी भरलेली. बादली, मग, साबण, कशाची कमी नाही. फक्त हे सगळं उभं केलं होतं थेट स्टेजच्या शेजारी, दारं रस्त्याकडं करून. समोर पाहुण्यांसाठी सोफा. सोफ्यावर फेटे बांधलेली मोठी माणसं, टक लावून दाराकडं बघत बसलेली. वर भलामोठा बॅनर, त्यावर साहेब, दादा, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सगळे हात जोडून उभे, आणि खाली 'माता-भगिनींच्या सेवेत'. एक कार्यकर्ता बादलीत गुलाबाची फुलं घेऊन थांबला होता. आतनं येणाऱ्या प्रत्येक भगिनीचं स्वागत करायचं होतं म्हणे.

आणि अध्यक्ष माईकवर. तमाम माता-भगिनींनी मोठ्या संख्येनं लाभ घ्यावा, असं तो जीव तोडून सांगत होता. बायका रस्त्याकडेला घोळक्यानं उभ्या राहायच्या, पदर तोंडात धरून त्या गुलाबी दारांकडं बघायच्या आणि पुढं निघायच्या. कर्नाटकातली एक बाई फारच अडली असावी. खाली मान घालून ती दाराच्या दिशेनं निघाली. लगेच कर्णा गरजला, या अक्का या, संकोच करू नका, आपल्या पहिल्या लाभार्थी येत आहेत. फोटोवाला कॅमेरा सावरत धावला. बाई जागच्या जागी वळली आणि तडक रस्त्याला लागली.

मी स्टेजमागं जाऊन अध्यक्षाला गाठलं. दात-ओठ खाऊन विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याला मनापासून वाईट वाटलं. घाम पुसत म्हणाला, "बाई, तुमी म्हणला तसंच समदं केलंय. आत लाईटबी लावलीय. पर बायकाच येईनात, आमी काय करावं?" मग जरा विचार करून म्हणाला की आपल्या भागात अजून जागृती नाही, पुढच्या वर्षी आधी जनजागृतीची फेरी काढू. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्यानं उन्हातान्हात राबून हे उभं केलं होतं. मी त्याला वर्षभर वर्गात काय शिकवलं, हेच मला आठवेना.

परत आले तर आई रस्त्याखालनं ओढा जातो त्या मोरीच्या कठड्यावर बसलेली. चेहरा मातीसारखा झाला होता. तिनं सगळं बघितलं होतं. मला म्हणाली, "रिक्षा बघ. जाऊ घरला." पुढं घाट दिसत होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली होती.

मी फोन काढला. तेवढ्यात ती मघाची कर्नाटकातली बाई, फार लांब जाऊ शकली नव्हती, येऊन आईशेजारी टेकली. ओटीपोटावर हात दाबून, डोळे मिटून. एकमेकींची भाषा येत नव्हती आणि गरजही नव्हती. आईनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली, हाताचा रेटा देऊन उठली आणि सरळ स्टेजकडं निघाली.

अध्यक्षाला वाटलं, आज्जी कौतुकाचे दोन शब्द बोलायला आल्या. त्यानं मोठ्या अदबीनं जाहीर केलं की गावातल्या ज्येष्ठ माता मनोगत व्यक्त करतील, आणि माईक तिच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हातात माईक आला होता. तिनं तो पळीसारखा धरला.

"लेकरांनो, मला मुतायला जायचंय," आई म्हणाली. "कवाधरनं म्या दाबून धरलंय. तिकडं त्या बायाबी दाबून बसल्यात. तुमी समदी तोंडं तिकडं करा, आन ह्यो कर्णा बंद करा."

हे घाटापर्यंत ऐकू गेलं असणार, कर्णे चांगल्या प्रतीचे होते. सोफ्यावरचे फेटे जागच्या जागी थिजले. फोटोवाल्यानं कॅमेरा हळूच पोटाशी घेतला. शरमेनं मला जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि त्याच क्षणी मला आईचा अभिमानही वाटला. अध्यक्ष लालबुंद झाला होता. पण पोरानं ऐकलं. स्वतः वायर ओढली, पाहुण्यांना हात जोडून उठवलं आणि कार्यकर्त्यांना हाताशी घेऊन तो सोफा उचलून उलटा फिरवला. त्या दिवशी तो पूर्ण अध्यक्ष वाटला मला.

आईचं समाधान झालं नव्हतं. दारं अजून रस्त्याकडंच होती. तिनं वर बोट केलं. म्हणाली, ते कापड काढा आणि इथं आडवं बांधा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, बॅनरवर साहेब होते. अध्यक्षच शिडीवर चढला. दोन बांबू रोवले आणि दारांपुढं बॅनर आडवा ताणला. बांधताना एकानं विचारलं, तोंडं आतल्या बाजूनं करायची का बाहेर. आई म्हणाली, भायेर, आत नगं.

आई पहिली गेली. तिच्यामागं ती कर्नाटकातली बाई, आणि मग रस्त्याकडेच्या घोळक्यातनं एकेक करत बायका आल्या. बघता बघता बॅनरआड रांग लागली. आतनं बोलण्याचा, हसण्याचा, मगानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर साहेब, दादा आणि सगळी कार्यकारिणी हात जोडून रस्त्याकडं बघत राखण करत होती. इतक्या वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांच्या हातनं घडलेलं हे पहिलं काम म्हणायला हरकत नाही.

आई पदरानं हात पुसत बाहेर आली. गुलाबवाल्या पोरानं घाबरून फूल मागं लपवलं. ती त्याच्याकडं न बघता पाण्याच्या टेबलापाशी गेली. मघाशी तिनं उपास सांगून ज्याला परतवलं होतं, त्याच माणसानं पेला भरला आणि जरा चाचरत विचारलं, आज्जी, तुमचा तर उपास हाय ना?

आईनं उभ्या उभ्या पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पाणी हनुवटीवरनं गळ्यावर आलं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही. मी फोन पिशवीत टाकला. तिनं रिकामा पेला त्याच्यापुढं धरला.

"भर अजून," ती म्हणाली. "घाट चढायचाय."