फिर्यादी बाई आरोपीच्या घरी

पोलिसातल्या नोकरीत असंख्य प्रकरणे हाताळली. त्यातले एक मात्र अजून मनातून जात नाही.

नागपुरात सदर भागात एक ख्रिस्ती जोडपे राहत असे. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. एका दुपारी चोर घरात शिरला. त्याने सिस्टरच्या गळ्यातली क्रूस असलेली साखळी ओढली. नवरा आडवा आला, तेव्हा त्याला ढकलून तो पळाला. म्हाताऱ्याचे डोके उंबऱ्यावर आपटले आणि तो जागीच गेला.

काही दिवसांनी खबऱ्याने सांगितले, इतवारीच्या सराफ्यात एक जण क्रूसवाली साखळी विकायला फिरतो आहे. वर्णनावरून आम्ही महाल भागातून एका तरुणाला उचलले. कळमेश्वरच्या कारखान्यातले काम सुटलेला, आधीचा एकही गुन्हा नाही. झडतीत साखळी मिळाली नाही. चौकशीत एकच उत्तर, "मी नाही, साहेब." कोठडीची मुदत संपत आली होती.

अशात माझ्या हवालदाराने खबर आणली. "साहेब, फिर्यादी बाई रोज आरोपीच्या घरी जाऊन राहिल्या."

मला वाटले, तडजोड झाली, बाई फितूर होणार. मी साध्या वेशात महालात गेलो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत आरोपीची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि सिस्टर तिच्या तान्ह्या मुलीचे अंग ओल्या फडक्याने पुसत होत्या. मी आधी भिंती पाहिल्या. सिस्टरना तिथे आरोपीचा फोटो दिसला असता, तर ओळख परेड कोर्टात टिकली नसती. फोटो नव्हता.

सिस्टरना बाहेर बोलावले. "हे काहून करून राहिल्या तुम्ही?"

"त्याची बायको ठाण्याच्या फाटकापाशी रडत बसली होती. लेकरू तापानं फणफणलेलं. शेजारी दार उघडत नाहीत. काय करू?"

"मग कोर्टात काय सांगाल?"

"जे पाहिलं ते. माझा माणूस गेला, साहेब. खोटं नाही बोलणार."

"राग नाही येत?"

"येते ना. हा जिना चढताना रोज वाटते, परत जावं." त्या थांबल्या. "पण चर्चमध्ये रोज माफी मागतो आम्ही. घेतो, तर द्या बी लागते."

ठाण्यात आलो आणि आरोपीला मुलीची खबर दिली. तिची काळजी कोण घेते आहे, तेही सांगितले. त्याला ती पोलिसी थाप वाटली. दुसऱ्या दिवशी बायको भेटीला आली. ती म्हणाली, "खरं आहे. त्याच बाईनं पोरीले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर वाचली नसती."

तो खाली बसला. मग म्हणाला, "पंचाइले बोलवा, साहेब. दाखवतो."

नाग नदीकाठच्या पडक्या भिंतीच्या फटीतून त्याने साखळी काढून दिली. पंचनामा झाला. ओळख परेड पुढे तुरुंगात झाली. तिथे पोलिसांना मज्जाव असतो. परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी नंतर मला सांगितले, की सिस्टरनी थेट त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी बरी आहे."

कोर्टातही त्यांनी एक शब्द गाळला नाही. त्याला शिक्षा झाली. त्याच्या बायकोला सिस्टरनी एका दवाखान्यात आयाचे काम मिळवून दिले.

तोपर्यंत माफी म्हणजे फिर्याद मागे घेणे, एवढेच मला ठाऊक होते. साक्षही द्यायची आणि आरोपीचे लेकरूही सांभाळायचे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला जमतात, हे मी पहिल्यांदा पाहिले. कुतूहल मात्र शमले नव्हते. निकालानंतर कोर्टाच्या आवारात मी त्यांना विचारले, "सिस्टर, राग गेला का शेवटी?"

"पुरता नाही गेला, साहेब," त्या म्हणाल्या. "पण तो जायची वाट पाहत बसली असती, तर लेकरू हातचं गेलं असतं."