एकाच जुडीतल्या वायरी

यंत्रदुरुस्तीच्या धंद्यात त्यांना सगळे टापटीपराव म्हणत आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. पुसल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर पेटीत जायचा नाही. पॅनेलचं दार उघडल्यावर आतल्या वायरी एका रांगेत दिसल्या नाहीत, तर ह्या गृहस्थांना जेवण गोड लागायचं नाही. बायको म्हणायची, "तुम्ही माणूस नाही, फूटपट्टी आहात."

बायकोच्या धाकट्या भावाला त्यांनीच पितळी पाट्या कोरायच्या कारखान्यात चिकटवलं होतं. सहा वर्षं मेहुण्याच्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. मग एकाएकी अक्षरं सरकू लागली. 'डॉक्टर'मधला शेवटचा 'र' ओळ सोडून अर्धं सूत खाली. एका शाळेची देणगीदारांची मोठी पाटी तर तीनदा भंगारात गेली.

मालकांनी टापटीपरावांना बोलावलं. अशा यंत्रातल्या स्टेपर मोटरची गंमत अशी, की कंट्रोलर एकेक इशारा पाठवतो आणि ती एकेक पाऊल सरकते. पाऊल चुकलं तरी ती ओरडत नाही. कंट्रोलर आपला सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं धरून पुढे जातो. टापटीपरावांनी सरकणं मोजणारा काट्याचा गेज लावला आणि यंत्र दोन तास मागेपुढे पळवलं. दर वेळी काटा शून्यावर. पितळ फुकट कशाला घालवायचं म्हणून कोरणारा स्पिंडल त्यांनी बंदच ठेवला होता.

"यंत्रात काही नाही," ते म्हणाले. शेजारी मेहुणा उभा होता. आपल्या माणसावर पांघरूण घातलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी जरा चढ्या आवाजात पुढचंही ठोकून दिलं, "हाच पत्रा नीट आवळत नसेल."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मेहुण्याने 'चूक माझी' असं लिहून दिलं आणि नोकरी सोडली. एका गोदामाच्या फाटकावर तो गाड्यांचे नंबर लिहू लागला. बहिणीने त्याला फोनवर फैलावर घेतलं, "ह्यांनी शब्द टाकला आणि तू ह्यांचं नाव घालवलंस!" त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. टापटीपराव समोर बसून जेवत होते. कुणी न विचारता आपणच त्याच्यावर बोट दाखवलं, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. उलट बायकोने आपली बाजू घेतली याचं त्यांना बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी मालकांचा पुन्हा फोन आला. मेहुण्याच्या जागी आलेल्या अनुभवी बाईंचीही अक्षरं सरकत होती. बाई तोंडाने फटकळ. "स्पिंडल चालू ठेवून तपासा," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या समोर तपासा."

स्पिंडल चालू केला. दहाव्या फेरीला काटा सरकला. बंद केला, काटा शून्यावर. पुन्हा चालू केला, पुन्हा सरकला. टापटीपरावांनी पॅनेल उघडलं. स्पिंडलची जाड केबल आणि मोटरला इशारे नेणाऱ्या बारीक वायरी एकाच जुडीत, चार-चार बोटांवर टाय मारून बांधलेल्या. असं बांधणारा पंचक्रोशीत दुसरा कोण होता? आधी त्या वायरी दोन बाजूंनी अस्ताव्यस्त लोंबत असत. वार्षिक सर्व्हिसिंगला त्यांनीच त्या एकत्र आवळल्या होत्या. जाड केबलमधली विजेची खळबळ, ज्याला ह्या धंद्यात नॉइज म्हणतात, बारीक वायरींत शिरून इशारे बिघडवत होती. सर्व्हिसिंगनंतर आठच दिवसांत अक्षरं सरकू लागली होती, आणि एवढं साधं गणित त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी सगळे टाय कापले. इशाऱ्यांसाठी शील्ड, म्हणजे नॉइज अडवणारं धातूचं आवरण, असलेली वायर लांबून, दुसऱ्या बाजूने नेली आणि शील्डला एकाच टोकाला अर्थिंग दिलं. पाटी कोरली. बाईंनी ओळीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

त्यांनी मालकांना खरं ते सांगितलं. मालक म्हणाले, "झालं ना नीट? मग उगाच कशाला उकरता? आता काय, बाईंना काढून त्याला घेऊ?"

तिथून ते थेट गोदामाच्या फाटकावर गेले. मेहुणा एका गाडीचा नंबर लिहून पुन्हा बाहेर जाऊन तोच नंबर पडताळून येत होता. केबिनमध्ये उभ्याउभ्याच टापटीपरावांनी सगळं सांगून टाकलं. मेहुण्याने पेनाला टोपण लावलं.

"मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"ताईला?"

मालकांपुढे टापटीपरावांची जीभ अडखळली नव्हती. घरी सांगायचं तर दोन महिने गप्प का बसलात, हेही सांगावं लागणार होतं. त्यांनी तिथेच फोन लावला.

"अगं, त्याची चूक नव्हती. माझी होती. मी बांधलेल्या वायरींनी केलं सगळं."

पलीकडून बायको बारीक आवाजात म्हणाली, "तो आहे का तिथे? त्याच्याकडे द्या."

त्यांनी फोन पुढे धरला. मेहुण्याने हात पुढे केला नाही.

"आत्ता नको, भाऊजी. यंत्राचंच काहीतरी आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण तुम्ही म्हणालात, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. तो अजून परत आलेला नाही."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. तो वही घेऊन नंबर बघायला गेला, आणि टापटीपरावांनी फोन पुन्हा आपल्या कानाला लावला.