मावशीच्या वीतभर दोऱ्या

ध्रुवावरच्या बर्फात अभ्यासाला जाणाऱ्या पोरांचे कोट विद्यापीठाच्या स्टोअरमध्ये मावशी शिवायची. संधिवाताने बोटं आखडली, तशी ती प्रत्येक चेनीला वीतभर दोरी बांधू लागली.

"मावशी, कोटाला शेपटी फुटली का?" पोरं खिदळायची.

स्टोअरचे साहेब म्हणाले, "बोटं चालत नाहीत, आता घरी बसा."

त्याच आठवड्यात या मोहिमेत सोबत असलेल्या एका परदेशी विद्यापीठाच्या बाई कोट तपासायला आल्या. त्यांनी साहेबांनाच जाड हातमोजे घालायला लावले. बाजारातून आणलेल्या कोटाची चेन साहेबांना काही केल्या उघडेना. मावशीच्या कोटाची मात्र दोरी ओढताच एका हिसक्यात उघडली.

"बर्फात सगळ्यांचीच बोटं आखडतात," बाई म्हणाल्या. "आमच्याही कोटांना दोऱ्या लावाल?"

"लावते की," मावशी म्हणाली. "फक्त सुईत दोरा साहेबांनी ओवून द्यायचा."